फिलूच्या नंबरांचे कागद

फिलूचं अक्षर मी माझ्या हातांनी फाडलं.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

फिलोमिना. खोताच्या वाडीतली माझी समोरची शेजारीण. माझे हे गेले, तिची लेक कॅनडाला गेली, आणि दोन रिकाम्या घरांत आम्ही दोघी उरलो.

मग गोधडी शिवायची ठरवली आणि यूट्यूब लावून फाउंडेशन पेपर पीसिंग शिकायला बसलो. नाव ऐकून घाबरू नका. कागदावर चित्र काढायचं, प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा, कापड कागदाच्या मागे धरायचं आणि पुढून रेघेवर शिवण मारायची. सगळं जोडून झालं की कागद फाडून टाकायचा.

नंबर फिलू घालायची. तिचा सात म्हणजे कोयताच.

तिच्याकडे वाडीचा एक फोटो होता, अठराशे नव्वदच्या सुमाराचा. तिच्या पणजोबांनी घर बांधलं तेव्हाचा. माड, विहीर, लाकडी जिना, समोरासमोर आमची दोन्ही घरं.

"हाच करू गो. डोंगर नि सूर्य काय, सगळेच करतात."

आभाळाला ह्यांचे निळे शर्ट कापले. माडांना तिचे हिरवे फ्रॉक.

कापड मागे लागतं, म्हणून चित्र आधी उलटं काढावं लागतं. हे आम्हा शहाण्यांना कळलं तेव्हा तिचं घर रस्ता ओलांडून माझ्या जागी जाऊन बसलं होतं!

"अगो सुलू, तुझं घर मी खाल्लं!"

"उसव मग मुकाट्यानं."

"उसवते कशाला? एवढी वर्षं इथून तुला बघितली, आता तिथून बघते."

किती हसलो होतो त्या दिवशी.

चित्र जोडून झालं आणि फिलूनं अंथरूण धरलं. हॉस्पिटलात माझा हात धरून म्हणाली, "कागद काढशील ना? अंगावर घ्यायची चीज आहे, शोकेसची नाय."

हो म्हटलं. पण हात धजेना.

वर्षभर गोधडी कागदासकट तशीच पांघरली. कूस बदलली की कागद कुरकुरायचा. खरं सांगू? मला तो आवाज आवडायला लागला होता. माझ्या घरात दुसरं बोलतं कोण?

परवा ऊन द्यायला काढली तर कागदाला कसर लागलेली. आता आज ना उद्या कापडही गेलं असतं.

बसले मग. एकेक नंबर फाडत गेले. मेली इतकी बारीक टीप घालायची की कागद अगदी रेघेवर सुटत होता. रडू आवरेना.

आईच्या लुगड्याचं अस्तर लावलं, धावदोरा घातला. आज दुपारी पांघरून आडवी झाले.

काहीच वाजलं नाही.

मऊ झालीय गं. ऊबही आहे. घर मात्र फार शांत आहे.

फिलू, तुझं ऐकलं मी. आता तू स्वस्थ झोप.