अंजनाबाईंच्या डोळ्यांवरचा कापूस

आमच्या दवाखान्यात पेशंटबरोबर आलेल्या बायकांना बाहेर थांबा म्हटलं की त्या थांबतात. अंजनाबाई थांबल्या नाहीत. "सून माझी हाय, मी हितंच बसनार," म्हणाल्या आणि पदर सावरून आतल्या स्टुलावर बसल्यासुद्धा. असल्या बायकांचा मला भारी संताप येतो.

मी रेश्मा. सांगलीत त्वचेच्या डॉक्टर आहेत सुहासिनीबाई, त्यांच्याकडे मदतनीस. पील करताना वाट्या-ब्रश मांडायचे आणि चेहऱ्याला औषध लागलं की छोट्या पंख्यानं वारा घालायचा, ही माझी कामं. अंजनाबाई आष्ट्याच्या. नवरा लालासाहेब फौजेतून निवृत्त झालेला, मुलगा राजवर्धन आता फौजेत. आधी नवरा सीमेवर, मग मुलगा, आणि उसाचं रान कायम बाईंच्या गळ्यात. उन्हात राबून दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग पसरले होते, पण त्याचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांचा सगळा जीव होणाऱ्या सुनेच्या रंगात अडकला होता.

ही सून मयूरी, शिरवळची, तिथल्याच एका कंपनीत कामाला. लग्नाचा बस्ता बांधायला दोन्ही घरची माणसं सांगलीत आली होती. बाकीची साड्यांच्या दुकानात बसली आणि अंजनाबाई पोरीला घेऊन आमच्याकडे. राजवर्धनला दुधासारखी बायको मिळाली, हे त्यांनी अख्ख्या आष्ट्याला सांगून ठेवलं होतं. लग्नात चेहरा आणखी उजळ दिसावा म्हणून पील करून हवं होतं. राजवर्धनची रजा मंजूर झालेली, त्यामुळे तारीख हलणार नव्हती.

डॉक्टरांनी मयूरीचा चेहरा दिव्याखाली बघितला आणि दिवा आणखी जवळ ओढला. मग मीही वाकून बघितलं. गाल गुलाबी होते, पण तो गुलाबी बरा नव्हता. कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, आत लाल शिरांचं जाळं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं करणारी ट्यूब महिनोन्‌महिने चोळली की असं होतं. त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. एरवी पीलनं वरचा मेलेला थर निघतो आणि खालची कातडी तुकतुकीत दिसते. अशा पातळ कातडीवर तेच औषध लागलं तर ती भाजते आणि डाग राहतो.

"चेहऱ्याला काही लावतेस का?" डॉक्टरांनी विचारलं.

मयूरीनं सासूकडे बघितलं. उत्तर सासूनंच दिलं, की तिला कशाची गरज, पोर जन्माची गोरी आहे. मयूरीनं खाली बघत नकाराची मान हलवली.

डॉक्टरांनी कापसाच्या काडीनं जबड्याच्या कडेला औषधाचा एक ठिपका लावला. पोरीनं ओठ चावला. बघता बघता तिथं लालभडक डाग उठला आणि डॉक्टरांनी तो ओल्या कापसानं पुसून घेतला. काय झालं, म्हणून अंजनाबाई स्टुलावरून उठल्या.

काय सांगणार? खरं सांगावं तर लग्न मोडायची भीती, आणि पेशंटचं गुपित फोडायचा डॉक्टरांना अधिकारही नाही. आज नको म्हणावं तर बाई हट्टाला पेटलेल्या. इथं नाही जमलं तर स्टँडाजवळच्या पार्लरमध्ये नेते, तिथं इतकं विचारत नाहीत, हे त्यांनी आल्या आल्याच ऐकवलं होतं. आणि करावं तर चेहरा गेला. ट्यूबचं नाव अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते गिळलं.

मग त्या अंजनाबाईंना म्हणाल्या, "पोर घाबरलीये. आधी तुम्ही बसा. तुमचं वांगही जरा कमी होईल."

फौजीची बायको नाही कशी म्हणेल? बाई थेट खुर्चीवर आडव्या झाल्या. तोंडाला पाण्याशिवाय जन्मात काही लावलेलं नव्हतं. ठिपका लावून बघितला, काही झालं नाही. मी त्यांच्या डोळ्यांवर ओला कापूस ठेवला. डॉक्टरांनी हलकं औषध ब्रशनं कपाळावर आणि गालांवर फिरवलं आणि बजावलं, की चुरचुरेल, पण धुवेपर्यंत हलायचं नाही आणि बोलायचं नाही. मी पंखा धरला.

डॉक्टर मयूरीकडे वळल्या आणि तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. "चेहऱ्याला काही लावतेस का?"

मयूरी त्या कापसाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही दार उघडून पळणार.

"आत्या," ती म्हणाली. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. "मी ट्यूब लावते. तुम्ही बघायला आलात तेव्हाही लावली होती. हा रंग माझा नाही."

अंजनाबाईंची बोटं खुर्चीच्या हातावर आवळली. ओठ हलले. बोलू नका, औषध डोळ्यांत जाईल, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा त्या बाई ऐकत पडून राहिल्या. मयूरी बोलत गेली. काळी म्हणून परत गेलेली स्थळं, ट्यूब थांबवली की होणारी आग, म्हणून पुन्हा लावलेली ट्यूब, सगळं.

गार पाण्यानं चेहरा धुऊन झाला. बाई उठून बसल्या. मी आरसा पुढं केला तर त्यांनी तो हातानं बाजूला सारला. मला तर दुकानातल्या साड्या परत जाताना दिसायला लागल्या.

"म्हनून तू सकाळपासनं गप हाईस व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लगीनच नको हाय तुला. म्हनून तर मी तुला सोडून बाहिर जाईना."

मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी विचारलं, की ट्यूब बंद केली तर लग्नात कशी दिसेल. डॉक्टरांनी लपवलं नाही. आधी चेहरा लाल होईल, पुरळ येईल, मूळ रंग सावकाश परत येईल. तोवर पील नाही आणि हळदसुद्धा नाही. लग्नापुरती लावू का, असं मयूरीनं हळूच विचारलं. डॉक्टर काही बोलायच्या आत अंजनाबाईंनी हात पुढं केला. मयूरीनं पर्समधली ट्यूब काढून त्यांच्या हातावर ठेवली, आणि बाईंनी ती माझ्या कचऱ्याच्या डब्यात टाकली.

हळदीला आम्हाला आमंत्रण होतं. दोन्हीकडची हळद आष्ट्याच्या एकाच कार्यालयात होती. मयूरी पाटावर बसली होती, चेहरा लाल, हनुवटीवर पुरळ, आणि बायकांची कुजबुज मला मागे उभी राहूनही ऐकू येत होती. दुधासारखी म्हणाली होती ना, असं कुणीतरी म्हणालंच. तेवढ्यात अंजनाबाईंची थोरली जाऊ रंगुबाई हळदीची वाटी घेऊन पुढं झाली आणि तिनं पोरीच्या गालाकडे हात नेला. मयूरीनं डोळे गच्च मिटले. मी पुढं धावणार, एवढ्यात अंजनाबाईंनी जावेचं मनगट धरलं.

"पोर गोरी न्हाई," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "गोरी गोरी म्हनत मीच फिरले. तिच्या हातापायाला लावा. तोंडाची माझ्या तोंडाला लावा."

कुणी जागचं हललं नाही, तेव्हा त्या स्वतःच मयूरीच्या शेजारी खाली बसल्या आणि वांगाचे दोन्ही गाल त्यांनी रंगुबाईंच्या वाटीपुढं धरले.