नानांची सरावाची फ्लॉपी

ईमेलवरच्या मंडळींनो, आज धुळ्यात अहिराणी भाषांतर करणाऱ्यांना बायबल भाषांतराचं सॉफ्टवेअर शिकवलं. सरावाच्या गोष्टींची एकेक फ्लॉपी सगळ्यांना दिली. म्हटलं, "हवं ते लिहा, हा नुसता सराव आहे."

बायबलातल्या एका लग्नात द्राक्षारस संपतो, तिथे चाळीसगावच्या नानांनी येशूच्या आईच्या तोंडी घातलं, "पोऱ्या, आते काय करानं? बठ्ठा पाव्हना पंगतमा बठेल शेतस!" नानांची फ्लॉपी वर्गभर फिरली. हसून हसून पुरेवाट झाली.

दुपारी खऱ्या भाषांतराची फ्लॉपी उघडली. तोच प्रसंग, तेच नाना. लिहिलं काय, तर "हे पुत्रा, द्राक्षारस समाप्त झाला आहे."

"नाना, अहिराणी कुठे गेली?"

"सर, हाई खरं शे ना!"

उद्या खऱ्या फ्लॉपीवरच 'सराव' अशी चिठ्ठी चिकटवणार आहे. मला पाप लागेल का हो?