भट्टीवाल्याने घेतलेले पळायचे बूट

भट्टीवाल्याचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पहिली पाळी यायच्या आत भट्टी लाल झालेली हवी, आणि ती पेटवायची त्याने. ओतकामाच्या कारखान्यात त्याची उमेदीची वर्षं गेली. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं, थेंब सांडू द्यायचा नाही. काम चोख. अंग चोरणाऱ्या माणसाला तो शेजारी उभं करत नसे.

धाकट्या लेकीला घरात सगळे भिंगरी म्हणत. ती अनवाणीच धावायची. शाळेचा पळण्याचा संघ निवडायचं ठरलं तेव्हा सरांनी बूट आणायला सांगितले. पगार झाल्या झाल्या बाप तिला घेऊन निघाला. तेव्हा बाजारात अशा बुटांचं एकच दुकान होतं. आत नव्या रबराचा वास आणि बसायला डुगडुगतं स्टूल. तो वास भिंगरीला अजून आठवतो.

बूट पायात चढवल्यावर बाप म्हणाला, "आता पाय झटक."

बूट जागचा हलला नाही.

"नको. एक माप मोठा द्या."

"अहो, पोरीला पळायचंय ना?" बूटवाला म्हणाला.

"बुटातलं मला कळतं."

"बाबा, टाच वर येतेय," भिंगरी कुरकुरली.

"यायलाच पाहिजे."

भट्टीजवळ बूट सैलच घालतात, तेही बिननाडीचे. तापलं लोखंड आत सांडलं तर एका झटक्यात पाय मोकळा झाला पाहिजे. नाडी सोडत बसला तो पायाला मुकला. चांगल्या बुटाची त्याला ठाऊक असलेली खूण हीच.

निवडीच्या दिवशी वळणावर भिंगरीचा बूट सुटला आणि थेट कुंपणापाशी जाऊन पडला. पोरं खो खो हसली. ती लंगडत शेवटी पोचली. सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात आणखी एकदा बघू. ती शेवटची संधी."

"बूट लेकीला घेतलात की भट्टीला?" बायकोने विचारलं.  भट्टीवाल्याच्या ताटातलं जेवण निवून गेलं.

त्या महिन्यातल्या सुट्ट्या त्याने जादा मजुरीवर थंड भट्टीत उतरून तळाशी गोठलेली लोखंडाची मळी फोडण्यात घालवल्या. घण मारून खांदे भरून आले. मग एका संध्याकाळी पुन्हा तेच दुकान. या वेळी तो स्टुलावर गप्प बसला. बूटवाल्याने बोटांपुढे अंगठाभर जागा ठेवली, टाच घट्ट बसवली आणि तिला गल्लीच्या टोकापर्यंत पळून यायला सांगितलं.

"बाबा, कसा वाटतो?" ती धापा टाकत म्हणाली.

"मला काय विचारतेस? पाय तुझा."

भिंगरी दुसरी आली, संघात गेली. वर्षभरात बुटांचे तळ कागदासारखे झाले. बायको तो जोड फेकून द्यायला निघाली तेव्हा भट्टीवाल्याने तो हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने चाचपला. दोन्ही पायांची झीज सारखी होती. कुठे अंगचोरी नव्हती. सुट्ट्यांची सगळी मजुरी या तळांत गेली होती, आणि पोरीने ती पुरती झिजवली होती.