खालांचा बिनकानाचा कप

आता ऐका माझं शहाणपण! पाहुण्याचा मान वाढवायला गेले, अन् काय करून बसले!

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांचे दिवस. आमचे ‘हे’ चिकलठाण्याच्या कारखान्यात. त्यांच्या पाळीतले साळवे भाऊजी मोर्च्यातून परस्पर आमच्याकडं चहाला येणार होते. पहिल्यांदाच! आणि मी कशी? बाळाला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारी. भाऊजींना आपल्या घरात जराही परकं वाटू नये, या काळजीनं सकाळपासून घर घासूनपुसून काढत होते.

शेजारच्या नफीसा खाला धावून आल्या. त्यांच्या नानीच्या सेटातली उरलेली एकुलती कपबशी घेऊन. जुनी, थेट विलायतेची. नक्षी मात्र चिनी धर्तीची. टपोरी गुलाबी फुलं, निळी वेल, काठाला झिजलेलं सोनं. उजेडाकडं धरली की पलीकडची बोटं दिसावीत! बाळाच्या गालावरून फिरवावा तसा हात फिरवत बसले मी.

ठरलं! ही भाऊजींनाच. आपल्याला आपले रोजचे कप.

ट्रे पुढं केला. भाऊजी कपाकडं बघतच राहिले. मी मनात खूश!

“वहिनी,” ते हळूच म्हणाले, “आमच्या गावच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी असाच कान तुटका कप बाहेर वेगळा ठेवलेला असायचा.”

धरणी पोटात घेईल तर बरं! त्या कपाला कान नाय, हे मला फुलांच्या नादात दिसलंच नव्हतं हो! ह्यांची मान खाली. मी खिडकीतून ओरडले, “खाला! कपाचा कान कुठंय?”

“उसको कानच नै थे बेटा! पुराने अंग्रेज ऐसेच पीते थे!”

भाऊजींनी कप उजेडाकडं धरला. आतून फुलं उजळली, तशी त्यांची मुद्राही. “लई भारी चीज आहे की! मग वहिनी, यात तुम्हीच प्या. मला तुमचा द्या.”

मी ऐटीत उचलला. बिनकानाचा, उकळत्या चहानं भरलेला! “आई गं!” हातातून सुटला. भाऊजींनी वरच्यावर झेलला म्हणून वाचला. पण माझा ट्रेला धक्का लागून आमचा एक कप खाली गेला अन् त्याचा कान तुटला.

साळवे भाऊजी आता नेहमी येतात. सगळ्यांना धड कप असतात. कान तुटका फक्त एक, आणि तो ते स्वतः हुडकून माझ्यापुढं ठेवतात!