दादाचे डार्टर

माझा मोठा भाऊ काही वर्षं कोकणात बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. तिथं सुटीच्या दिवशी करायला दुसरं काही नाही म्हणून तो मासे धरायला शिकला, तेही लाटांत मांडीभर पाण्यात उभं राहून. कारखाना बंद पडल्यावर तो गावी परतला तेव्हा त्याच्याजवळ एक बॅग, माणसाच्या दीडपट उंचीचा रॉड आणि प्लास्टिकचा एक डबा होता. डब्यात वीत-वीतभर लांबीचे लाकडी नकली मासे होते. पोटाखाली तीन काट्यांचे गळ, आणि तोंड वरून खाली तिरपं तासलेलं.

"याले डार्टर म्हंतेत," तो वहिनीला म्हणाला. "जिताडा धराले लागते."

"आपल्या इकडं कुठी समुद्र हाय?" वहिनी म्हणाली.

समुद्र नव्हता, पण धरण होतं. अमरावतीहून तासाभराच्या रस्त्यावर आमचं गाव, धरणाच्या खालच्या अंगाला, आणि नदीकाठी आमचा मळा. वांगी, मेथी, कडेनं थोडी शेवंती. पावसाळ्यात दरवाजे उघडले की मळ्यासमोरून नदी अशी धावते की पलीकडच्या माणसाचं ओरडणं ऐकू येत नाही. दादा म्हणायचा, डार्टरला हेच लागतं. साचलेल्या पाण्यात तो नुसता लाकडाचा तुकडा. धार मिळाली की त्यात जीव येतो.

मी अमरावतीला चष्म्याच्या दुकानात होतो, अजून आहे. रविवारी गावी गेलो की दादा मला काठावर न्यायचा. आधी पाणी बघायचा, मग डबा उघडायचा. गढूळ पाण्याला पिवळा, निवळ पाण्याला पांढरा, दिवस कलला की काळा. दोरीच्या टोकाला हातभर तार, तारेच्या टोकाला छोटी क्लिप. डार्टरचं नाक क्लिपमध्ये सैल राहिलं पाहिजे, गाठ मारून आवळलं तर तो डावीउजवीकडे वळत नाही. गळांचे उलटे दात तो पकडीनं चेपून टाकायचा. माय माळकरी, घरात मासा शिजत नव्हता. धरलेला शिवडा मासा तो त्याच्या लांब मिशांनाही हात न लावता सोडून द्यायचा.

फेकून झालं की रॉडला एक हिसका द्यायचा, म्हणजे डार्टर पाण्यात तोंड खुपसतो. त्यानंतर मात्र घाई नाही. मी भराभरा रीळ फिरवायचो आणि डार्टर उताणा होऊन वर यायचा.

"अबे, ओढू नोको," दादा म्हणायचा. "दोरी तंग ठेव अन् त्याले येऊ दे. पाणीच त्याले चालवते."

मग तो यायचा. दिसायचा नाही, पण हातात कळायचा. डावीकडे सरकला, थांबला, उजवीकडे सरकला. अंधारात कोणीतरी चाचपडत आपल्याकडे येत असावं, तसा.

त्या वर्षी श्रावणात दरवाजे उघडले होते. दादा दुपारी जेवून रॉड घेऊन गेला. वहिनी मळ्यात मेथी खुडत होती. तिला तो दिसत होता, कमरेएवढ्या पाण्यात, पाठमोरा. तिनं जुडी बांधायला खाली पाहिलं, वर पाहिलं तर नदी होती आणि तो नव्हता. रॉड खालच्या वळणावर बाभळीत अडकलेला मिळाला. डार्टर तुटून गेलेला. माणसं नावा घेऊन आली, गळ टाकून तळ चाळला, खालच्या गावांत निरोप गेले. तो सापडला नाही.

मायनं क्रियाकर्म करू दिलं नाही. "डोयानं पाह्यलं काय कोनी?" एवढंच ती म्हणायची. आणि कोणी पाहिलं नव्हतंच. तिच्यासाठी वहिनी कुंकू लावत राहिली, हिरव्या बांगड्या भरत राहिली. गावातल्या बायांना तिचं काय करावं समजेना. संक्रांतीला काहींनी बोलावलं, काहींनी नाही. एका घरी तिच्या हातात वाण दिलं आणि कुंकवाचा करंडा मात्र पुढं केला नाही. ती वाण घेऊन घरी आली आणि ते तुळशीपाशी ठेवून तशीच मळ्यात गेली.

मी रॉड दुरुस्त करून घेतला. रविवारी काठावर जाऊ लागलो. लोकांना वाटलं, भावाचा नाद यानं उचलला. मलाही तसंच वाटून घ्यायला बरं वाटायचं. पण मासा लागल्यावर माझी छाती धडधडत नसे. मासा कळतो, तो झटके देतो. धडधड व्हायची ती डार्टर एखाद्या जड, न हलणाऱ्या वस्तूत रुतला की. तळाला लाकडं असतात, जाळ्यांचे तुकडे असतात, हे मला माहीत होतं. तरी दोरी तंग झाली की मी तसाच उभा राहायचो. ओढायला हात होत नसे आणि कापायलाही होत नसे.

तीन पावसाळे असे गेले. चौथ्या वर्षी एका रविवारी वहिनी मळ्यातून उठून माझ्यामागं काठावर आली. हात पदराला पुसत म्हणाली, "भाऊजी, मलेबी शिकवा."

"कावून?"

"शिकवा म्हनलं ना."

मी शिकवलं. पाणी गढूळ होतं, तिनं पिवळा निवडला. क्लिप लावली. पहिल्या दोन-चार वेळा डार्टर पायापाशीच पडला, मग धारेत गेला. दादाचे शब्द मी तिला सांगितले, ओढू नका, येऊ द्या. ती रॉड धरून उभी होती, आणि तिचा चेहरा बदलला. डावीकडे, उजवीकडे, तिला हातात कळत होतं.

मग दोरी थांबली.

"भाऊजी." ती हळूच म्हणाली. "काहीतरी हाय."

"लाकूड असंन. जोर नका लावू."

अडकलेला डार्टर ओढून निघत नाही, उलट आणखी रुततो. दोरी सैल सोडायची, धारेबरोबर तिला खाली वाहू द्यायचं, आणि काठानं चालत जाऊन दुसऱ्या बाजूनं ओढ द्यायची. तसं आम्ही केलं. रॉड तिच्या हातात, मी पुढं. ते सुटलं, पण मोकळं सुटलं नाही. त्याच्याबरोबर काहीतरी जड येऊ लागलं, तळावरून घसटत. वहिनीनं रीळ फिरवणं थांबवलं नाही. तिचे ओठ हलत होते. पाण्यात आधी निळसर कापड दिसलं.

मी पाण्यात उतरून ते धरलं. बाभळीची फांदी होती. तिला जाळं गुंडाळलेलं, आणि जाळ्यात निळ्या ताडपत्रीचा फाटका तुकडा. दुसरं काही नव्हतं.

वहिनी तिथंच वाळूत बसली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बराच वेळ रडली. मग म्हणाली, "मले वाटलं, आले ते."

मी जाळ्यात रुतलेले गळ सोडवू लागलो.

"अन् मी भेली, भाऊजी. आपल्याच मानसाले भेली. मनात म्हनलं, नोको, तुमी नोका येऊ आता." तिनं तोंड पुसलं. "तुमीबी मासे नाई धरत, मले मालूम हाय. तुमी त्याईले शोधून राह्यले. मायबी शोधूनच राह्यली. ते जाईन कसे मंग? आपन तिघं धरून बसलो त्याईले."

घरी जाऊन तिनंच मायजवळ विषय काढला. मला वाटलं, माय आकांत करेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर म्हणाली, "तुह्या डोयानं पाह्यलं काय?"

"नाई," वहिनी म्हणाली. "पन मी वर पाह्यलं तवा ते नव्हते. तेवढं मी पाह्यलं."

मायनं तवा खाली उतरवला. त्यानंतर तिनं तो प्रश्न कोणालाही विचारला नाही.

देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. गुरुजींनी सांगितलं तशी मी रानातून पानं आणली. हात, पाय, छाती, सगळं पानांचंच, दर्भानं बांधलेलं. डोक्याच्या जागी नारळ. नदीकाठी त्याला अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला, आणि धुरामागं पलीकडचा काठ दिसेना. वहिनीनं बांगड्या तिथंच फोडल्या नाहीत. घरी येऊन स्वतः काढल्या आणि कपाटात ठेवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात ती अकोल्याला तिच्या बहिणीकडे गेली. तिथं शिवणाचं दुकान टाकलं, आता दोन मशिनी आहेत. मायला दर आठवड्याला फोन करते. दोघी भाजीच्या भावाबद्दल बोलतात.

मी मासे धरायला जात नाही. पण सुटलो असंही नाही. दुकानात गिऱ्हाइकाला अक्षरं वाचायला लावतो, तो डोळे बारीक करून "नाही दिसत" म्हणतो, आणि माझ्या हातात कुठूनतरी डार्टरचं ते सरकणं येतं, डावीकडे, उजवीकडे. क्षणभर मी बोटं मिटून घेतो.

मागच्या पावसाळ्यात दरवाजे उघडले तेव्हा गावी होतो. पुलावर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. खाली पाण्यात कमरेपर्यंत एक माणूस उभा होता, पाठमोरा, हातात उंच रॉड. मी कधी ओरडलो आणि कधी पुलावरून खाली धावत गेलो, मला आठवत नाही. "दादा, बाहेर ये! दादा!"

माणूस वळला. चष्मा लावलेला, पोरसवदा, अमरावतीचा कोणी असावा. आधी तो हसला. मग माझ्याकडे नीट बघितलं आणि रॉड उंच धरून, पाय जपून टाकत काठावर आला.

"कोनाले आवाज देऊन राहिले, काका?"

"तुलेच," मी म्हणालो. "पाणी वाढून राह्यलं."

त्यानं मागं वळून नदीकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाणी होतं तेवढंच होतं.