मांजरानं नाकारलेली झोळी

मावशींनी सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या शिवणखोलीत चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनच्या टोप्या शिवल्या. निवृत्त झाल्यावर सुईला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं आणि ते अकरा दिवस पाळलं. बाराव्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातल्या बाई मनगट मोडून आल्या. गळ्यात तिकोनी फडकं, मानेवर लिंबाएवढी गाठ. बाई हातापेक्षा मानेपायीच जास्त कण्हत होत्या. मावशींना ते बघवेना. संध्याकाळपर्यंत त्यांनी एक झोळी शिवली. खांद्यावर रुंद पट्टा, बकल मानेवर न येता बाजूला, आणि अंगठा अडकवायला कापडाची कडी.

पुढचं सगळं भाचीनं केलं. ती एका ऑनलाइन बाजाराची खडान्‌खडा माहिती ठेवून होती. तिनं फोटो काढले, नाव दिलं ‘आरामदायी झोळी’, आणि शंभर झोळ्या कंपनीच्या गोदामात नेऊन ठेवल्या. ऑर्डर आली की कंपनीच माल पाठवायची. महिन्याला आठ-दहा खपत. मावशी त्यावर खूश होत्या. जास्त खपायच्या तर जास्त हात मोडायला हवेत, आणि तसं त्यांच्या मनात नव्हतं.

मग एक दिवस मेल आली, ‘अभिनंदन!’ मावशींनी ती पुसून टाकली. त्रेसष्टाव्या वर्षी कारण नसताना कुणी अभिनंदन करत असेल तर त्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. अशा चार मेल आल्या आणि चारही गेल्या.

महिन्याभरानं एका आठवड्यात चौतीस झोळ्या संपल्या.

मावशींनी आधी वर्तमानपत्र चाळलं. कुठे बस उलटलेली नव्हती, जिना कोसळलेला नव्हता. त्यांनी भाचीला फोन लावला.

“अगं, चौतीस हात मोडले आणि बातमी नाही?”

भाची आली, लॅपटॉप उघडून बसली, आणि एकेक ऑर्डर तपासत गेली. मग म्हणाली, “मावशी, तुझा माल परदेशी चाललाय. कंपनीनं तुला आपणहून परदेशी विक्रीच्या योजनेत घातलंय. तू पुसलेल्या त्या मेलमध्ये लिहिलं होतं, तीस दिवसांत नकार कळवला नाही तर संमती धरण्यात येईल.”

मावशींनी मान हलवली. अशी संमती धरली जाण्याची त्यांची ही दुसरी वेळ. पहिली लग्नाची होती, आणि ते प्रकरण बरं निघालं होतं.

“पण तिथे एवढे हात का मोडतात?”

भाचीनं एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय मशीनकडून भाषांतर करून वाचला. ‘मांजर आनंदी. पट्टा उत्तम. अंगठ्याच्या कडीतून शेपूट छान बाहेर येते. पाच तारे.’ सोबत फोटो होता. खिडकीला टांगलेल्या झोळीत एक गलेलठ्ठ मांजर जगाकडे पाठ करून पडलं होतं.

झालं होतं असं की कंपनीच्या मशीननं ‘आरामदायी झोळी’चं भाषांतर ‘आराम करण्याचा टांगता बिछाना’ असं केलं होतं, आणि त्यात कुणाला झोपवायचं ते माप बघून लोकांनी ज्याचं त्यानं ठरवलं होतं.

भाची हसून हसून बेजार झाली. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, “कुणी तान्हं मूल ठेवलं तर?”

त्या दुपारी त्यांनी झोळीत दोन विटा घालून ती दाराच्या खिट्टीला टांगली. तिसऱ्या दिवशी खिट्टी उखडली. झोळी धड होती. तरीही मावशींनी पुढच्या सगळ्या झोळ्यांना खालून दुहेरी शिवण घालायचं ठरवलं, आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला.

“मॅडम, तुमचं रेटिंग तर उत्तम आहे,” तिकडचा मुलगा म्हणाला.

“ते मांजराचं रेटिंग आहे. मी माणसाच्या हातासाठी शिवते.”

“समजलं मॅडम. म्हणजे वस्तू चुकीच्या विभागात आहे.”

“अगदी बरोबर.”

“बदलून देतो. आणखी काही मदत?”

मावशींना वाटलं, इतकं साधं होतं तर. दहा दिवसांनी हॉस्पिटलमधल्या प्लास्टरवाल्याचा फोन आला. तो पेशंटना मावशींच्या झोळीचं नाव लिहून देत असे.

“मावशी, तुम्ही धंदा बदलला का? पेशंटची बायको भांडायला आली. म्हणाली, नवऱ्याचा हात मोडलाय आणि तुम्ही मांजराचं सामान लिहून देता.”

मदतकेंद्रानं झोळी पाळीव प्राण्यांच्या विभागात हलवली होती. इथल्या मोडक्या हातांना ती आता सापडत नव्हती. मावशींचा पारा चढला. पारा चढला की त्या भांडी घासत. घरातली झाली, मग भाचीचा डबा घासला. मग म्हणाल्या, “नाव काढ आपलं त्या योजनेतून.”

नाव घालायला कुणी काही विचारलं नव्हतं. काढायला सहा पानं होती. सहाव्या पानावर कारण विचारलं होतं, आणि दिलेल्या आठ कारणांत मांजर नव्हतं. भाची ‘इतर’वर बोट ठेवणार, एवढ्यात कोपऱ्यात दिसलं की एका गिऱ्हाइकाचा निरोप आलाय.

“थांब. आधी तो वाच. कुणाचं काही पडलं-झडलं नसेल ना?”

भाचीनं भाषांतर वाचलं. ‘नमस्कार. मी तुमची वस्तू मांजरासाठी घेतली. मांजराने नाकारली. मग नवऱ्याला घातली. दोन वर्षांपूर्वीच्या आजारापासून त्याचा डावा हात त्याच्यासोबत येत नाही. दुकानातल्या पट्ट्यांतून तो घसरतो. यातून घसरत नाही. काल तो माझ्याबरोबर पोस्टापर्यंत चालला. फक्त कोपराजवळ थोडे घासते. तुम्ही मांजरांसाठी बनवता हे मला माहीत आहे, पण कोपर मोठे करता येईल का?’

भाची या वेळी हसली नाही.

मावशी उठल्या आणि मशीनवरचं कापड बाजूला केलं. असे हात त्यांना माहीत होते. शिवणखोलीच्या खिडकीसमोरून रोज व्यायामाला जात. मोडलेला हात आपला भार थोडातरी आपण उचलतो. हा हात उचलत नाही, तो नुसता लोंबतो आणि खांदा खाली ओढतो. त्याला खोल कोपर लागतं. त्यांनी पाच बोटं जास्त कापड घेतलं, घडीत पातळ स्पंज घातला, आणि पाकीट स्वतः पोस्टात नेऊन दिलं. टपालाचा खर्च झोळीच्या दुप्पट आला. खिडकीवरच्या माणसानं आत काय आहे असं विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कोपर.”

नाव त्यांनी काढलं नाही. भाचीनं वस्तूच वेगळ्या केल्या. प्राण्यांच्या विभागात बिछाना राहिला, दुहेरी शिवणीचा. औषधोपचाराच्या विभागात हाताची झोळी आली, दोन प्रकारची. भाषांतराचा भरवसा नको म्हणून मावशींनी पहिल्या फोटोसाठी स्वतःचाच हात झोळीत घालून फोटो काढून घेतला. चेहरा येऊ दिला नाही. बिछाने तिप्पट खपतात, याबद्दल मावशी काही बोलत नाहीत.

त्या बाईंचं उत्तर महिन्यानं आलं. शब्द नव्हते, फक्त फोटो. फाटकापाशी एक उंच, वाळका माणूस टोपी घालून उभा, डावा हात झोळीत. मावशींनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

“उलटी घातलीय,” त्या म्हणाल्या. “आतली शिवण बाहेर आलीय. लिही त्यांना, सुलट करा म्हणावं.” मग पुन्हा पडद्याशी वाकल्या, शिवणीवरून नजर फिरवत कोपरापर्यंत गेल्या. “राहू दे. खांदा सरळ आहे.”