मामांच्या फेऱ्या

मामांनी एकोणीस वर्षं कागदाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी बिनपगारी रजा टाकून ते ऊर्जा अभियांत्रिकी शिकायला परदेशी विद्यापीठात गेले. वर्गातली आपल्याकडची दोन पोरं त्यांना मामा म्हणायची. प्राध्यापकांना ते आडनाव वाटलं आणि ओळखपत्रावर तेच छापून आलं.

विभागाची इमारत नवीकोरी, वीज वाचवण्यात पहिला नंबर मिळवलेली. छताला हालचाल टिपणारे डोळे होते. पाच मिनिटं कोणी हललं नाही की दिवे बंद. परीक्षेचा हॉल तळघरात. पहिल्याच पेपराला साठ जण माना खाली घालून लिहीत असताना गुडूप अंधार झाला. सगळ्यांनी गटांगळ्या खाणाऱ्यासारखे हात हलवले, तेव्हा दिवे लागले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच.

समिती नेमली गेली. साधं बटण बसवलं तर पहिला नंबर जाणार, म्हणून तीन आठवड्यांच्या विचाराअंती ठरलं, की परीक्षेत एकाने फिरत राहावं. मामांना एका जागी बसवत नाही, हे प्राध्यापकांनी हेरलंच होतं. त्यांना नारिंगी जाकीट आणि ‘हालचाल सहायक’ हा हुद्दा मिळाला.

बायकोने फोनवर सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे तुम्ही शिकायला गेलात की येरझारा घालायला?”

“दोन्ही,” मामा म्हणाले.

काम मात्र त्यांनी मन लावून केलं. कुठल्या कोपऱ्यातला डोळा मंद आहे, कुठे हात वर करावा लागतो, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या परीक्षेला त्यांनी गळ्यात पुठ्ठा अडकवून चालता चालता पेपर सोडवला. शेवटचा प्रश्न याच इमारतीच्या बचतीचा होता. मामांनी प्रामाणिकपणे स्वतःलाही त्यात धरलं: फिरणारा माणूस किती खातो, किती उष्णता बाहेर टाकतो. उत्तर आलं, की वाचलेल्या विजेपेक्षा मामाच जास्त ऊर्जा खातात. वर्गात सर्वांत जास्त मार्क त्यांना पडले.

समितीने ते उत्तर फार गांभीर्याने घेतलं. मामा उष्णता टाकतात, तर त्या मानाने हॉलचे हीटर कमी करावेत, असा ठराव झाला. पुढच्या पेपराला पोरं पार गारठली. कोणी हात चोळतंय, कोणी पाय आपटतंय, कोणी बसल्या जागी हिंदकळतंय. दिवे एकदाही गेले नाहीत. फेऱ्या मारता मारता मामा मध्येच थांबून बघत राहिले. आपली आता गरज उरली नाही, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. आठवड्याने जाकीट परत मागणारं पत्र आलं, खाली आभाराच्या दोन ओळी.

त्यांनी पडेल आवाजात घरी कळवलं. बायको म्हणाली, “बरं झालं. आता तरी बसून अभ्यास करा.”

मामा बसले. त्या सहामाहीत ते कसेबसे काठावर पास झाले.